न कापलेली पानं

एप्रिल सरत आला की जयपुरातल्या मराठी घरांत बदलीचे हुकूम यायला लागत, आणि त्यांच्या मागोमाग रत्नमालाच्या घरी पुस्तकं यायला लागत.

कारण सरळ होतं. बँकेतले, विमा कंपनीतले, दिल्लीच्या हुकुमावर चालणाऱ्या कचेऱ्यांमधले हे साहेबलोक तीन-चार वर्षांसाठी यायचे. जायची वेळ आली की ट्रकमध्ये फ्रीज चढायचा, दिवाण चढायचा, बगरूच्या छापील चादरींचे गठ्ठे चढायचे, कुंड्यासुद्धा चढायच्या. शेवटी अंगणात उरायची दोन-तीन खोकी. ती उचलताना हमाल कुरकुरायचे. मग मॅडम घाम पुसत म्हणायच्या, "रत्नमाला, ही तू घेऊन जा गं. आमची वाचून झालीत. रद्दीवाल्याला घाल, तुलाच चार पैसे होतील."

रत्नमाला खोकी सायकलरिक्षात घालून रेल्वे क्वार्टरमध्ये आणायची. रद्दीवाल्याला तिनं एक पान दिलं नाही.

ती मूर्तिजापूरची. नववीपर्यंत शिकली आणि लग्न झालं. नवरा शेषराव रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीखात्यात फिटर. दोन हजार दोन साली जयपूरला रेल्वेचा नवा झोन झाला, माणसं हवी होती, बढती मिळत होती, म्हणून तो इकडे आला आणि त्याच्यामागे ती. इथं तिचं मराठी ऐकायला कोणी नव्हतं. शेजारची मारवाडीण हातवारे करून बोलायची. मग कुणीतरी सांगितलं की शास्त्री नगरात मराठी साहेबांची घरं आहेत आणि तिथल्या बायका इथल्या स्वयंपाकी महाराजांच्या हातच्या जाड रोट्यांना कंटाळल्या आहेत. रत्नमाला तीन घरी पोळ्या-भाजी करू लागली. महाराष्ट्रात असत्या तर या बायकांनी आधी आडनाव विचारलं असतं. परमुलखात ती मराठी बोलते आणि तिची पोळी मऊ राहते, एवढं पुरलं.

पहिलं खोकं घरी आलं तेव्हा तिनं वरचंच पुस्तक उचललं. जाडजूड कादंबरी, निळ्या कापडाची बांधणी. पहिल्या कोऱ्या पानावर शाईनं लिहिलेलं: 'चि. सौ. कां. निशिगंधा हिला विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट, मामा-मामी.' तीन-चार पानं वाचून झाल्यावर पुढचं पान उलटेना. दोन पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली. पुढचीही तशीच. तिला वाटलं, पुस्तकात खोट आहे. म्हणूनच बिचाऱ्यांनी टाकलं.

शेषरावाचे एक काका तरुणपणी अकोल्याच्या छापखान्यात होते, त्यामुळे त्याला माहीत होतं. त्यानं सांगितलं, मोठा कागद दुमडून शिवतात, कडा नीट कापली गेली नाही की पानं अशी जुळलेली राहतात. वाचणाऱ्यानं कापत कापत पुढं जायचं.

"म्हंजे हे कोनी वाचलंच नाई?" रत्नमाला म्हणाली.

शेषराव हसला. ती हसली नाही. स्वयंपाकघरातून तिनं कोथिंबिरीची पातळ सुरी आणली आणि पानं कापायला बसली. सुरी बोथट होती, कडा दातेरी निघत होत्या. चारशे पानं होती. चार रात्री लागल्या, वाचायला आणि कापायला मिळून.

त्यानंतर तिला सवयच लागली. खोकं आलं की आधी ती कडा बघायची. सगळीच पुस्तकं जोडलेली नसत, पण न उघडलेलं पुस्तक तिला हाताला कळू लागलं. त्याची पाठ ताठ असते, ते आपणहून कुठं उघडत नाही, मध्ये धरलं की चरचरतं. कुणाला बारशाला मिळालेलं, कुणाला निबंधस्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाचं, कुणाला निवृत्तीच्या समारंभात हाराबरोबर. एकात सतराव्या पानावर महाबळेश्वरच्या बसचं तिकीट होतं. त्यापुढे माणूस गेलाच नव्हता, घाटातच थांबला होता. आणि प्रत्येक खोक्याबरोबर तेच वाक्य यायचं: आमची वाचून झालीत.

तिला चीड यायची ती या वाक्याची. वाचलं नाही तर नाही वाचलं, त्यात लाज नाही. माणसाला वेळ नसतो, डोळे नसतात, मन नसतं. पण झालं म्हणायचं? तिच्या माहेरच्या वस्तीत एक वर्तमानपत्र यायचं आणि ते आठ घरं फिरून चिंधी होऊन परतायचं. वाचून झालेल्या कागदाची दशा तिनं पाहिली होती.

शेषरावानं रेल्वेच्या लिलावातल्या लाकडी खोक्यांच्या फळ्या आणून भिंतभर मांडणी ठोकली. चार वर्षांत ती भरली.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत मरुधर मराठी स्नेहमंडळाला पंचवीस वर्षं होत होती. मंडळाचे सेक्रेटरी दिलीपराव बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. रौप्यमहोत्सवाला वाचनालय काढायचं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी काचेच्या दारांचं कपाट बनवून घेतलं. उद्घाटनाला पुण्याहून पाहुणे ठरले, पत्रिका छापल्या. मग सभासदांना पुस्तकं मागितली तेव्हा कळलं की कुणाच्या घरात पुस्तकं उरलेलीच नाहीत. एकानं स्वयंपाकाचं पुस्तक दिलं, दुसऱ्यानं शेअरबाजाराचं.

तेव्हा निशिगंधाबाईंना आठवलं. त्यांच्या साहेबांची बदली शहरातल्या शहरात होऊन त्या सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात गेल्या होत्या. शास्त्री नगरातून हलताना त्यांनीही दोन खोकी काढली होती. त्या म्हणाल्या, आमच्या पोळ्यावालीकडे असतील. विकली नसतील तर.

रविवारी सकाळी तिघं क्वार्टरवर आले. दिलीपराव, निशिगंधाबाई आणि मंडळाचे अध्यक्ष बळवंतराव, ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले वयस्कर गृहस्थ. सरकारी घर सोडताना त्यांचंही एक खोकं रत्नमालाकडे आलं होतं. दारातच दिलीपराव थबकले. भिंतभर पुस्तकं, एकही आडवं नाही, एकावरही धूळ नाही. ते पुढं होऊन विती टाकून मांडणी मोजू लागले.

"कपाट अगदी भरेल," ते म्हणाले. "क्या बात है. शेषराव, तुम्ही तर मंडळाचं काम सोपं केलंत."

शेषरावानं खुर्च्या पुसल्या. रत्नमालानं चहा ठेवला. बळवंतरावांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे एकदा पाहिलं, मग कपाकडे, आणि साखरेचं पथ्य आहे म्हणून कप बाजूला सारला. चहात साखर घातलेलीच नव्हती. शेजारी वाटीत वेगळी ठेवली होती.

दिलीपरावांनी बेत समजावून सांगितला. टेम्पो उद्या येईल. कपाटाशेजारी संगमरवरी पाटी लागेल, 'ग्रंथदाते' म्हणून. त्यांनी खिशातून यादी काढून वाचली. देशमुख साहेब, आता भोपाळला. कर्णिक साहेब, आता चेन्नईला. निशिगंधाबाई. आणखी नऊ नावं. रत्नमाला ऐकत होती. तिच्या घरातून जाणाऱ्या पुस्तकांचे ते दाते होते.

"माझं नाव?" तिनं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही अडचण त्यांच्या ध्यानात आली नव्हती असं नाही, ती अडचण वाटलीच नव्हती.

निशिगंधाबाई हसून म्हणाल्या, "अगं, पुस्तकं आमचीच ना! तू सांभाळलीस, त्याचं आम्हाला कौतुक आहेच. दिलीपरावांशी बोललेय मी. आठवड्यातून दोनदा वाचनालय झाडायला-पुसायला कुणीतरी लागेलच. बाहेरची बाई कशाला?"

शेषराव पटकन म्हणाला, देऊ ना साहेब, आपल्याला तरी एवढी कशाला. तो भला माणूस होता आणि साहेब दारात आला की त्याचे हात आपोआप जोडले जायचे. रत्नमालानं त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघू लागला.

तिच्या डोक्यात सणक गेली होती, पण आवाज चढला नाही. तिनं निळ्या बांधणीचं पुस्तक काढलं आणि निशिगंधाबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"मॅडम, हे तुमच्या लग्नातलं. मामा-मामीनं देलेलं. याच्यात ती खानावळवाली बाई हाये न, तिचं शेवटी काय होते?"

"आता हे काय? परीक्षा घेतेस का माझी?"

"सांगा न. तुमी वाचून झालं म्हणल्या होत्या."

"इतक्या वर्षांनी कोण लक्षात ठेवतं? छान होती कादंबरी, एवढं आठवतंय."

"ते आपली खानावळ बंद करते," रत्नमाला म्हणाली, "आन् समोरच्या खानावळीत जाऊन पानावर बसते. जलमात पयल्यांदा दुसऱ्यानं वाढलेलं जेवते. तुमाले कसं ठाऊक असन? पानं तर मी कापली."

तिनं पुस्तक उघडून कड दाखवली. सुरीच्या दातेरी खुणा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत होत्या. निशिगंधाबाईंनी पुस्तक हातात घेतलं नाही. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग दगडासारखा.

रत्नमाला थांबली नाही. बळवंतरावांना त्यांच्या निवृत्तीला मिळालेला आठवणींचा ग्रंथ दाखवून तिनं विचारलं की यातला मास्तर गाव सोडून का जातो. बळवंतराव छताकडे पाहत राहिले. दिलीपरावांचं एकही पुस्तक तिथं नव्हतं. तेवढ्या बळावर ते उठले आणि सरकारी सुरात बोलू लागले. पुस्तकं दिली नव्हती, ठेवायला सोपवली होती. मंडळ ही नोंदणी झालेली संस्था आहे. मराठी माणसानंच परक्या मुलखात मराठीची अडवणूक करावी, हे शोभतं का?

"साहेब, ठेवाले नोती देली. रद्दीत घाल म्हणले होते. रद्दीत घातली असती त आज कोनाच्या दारी गेले असते?" ती म्हणाली. "ज्यानं वाचलं त्यानं शेवट सांगावा आन् आपलं पुस्तक घेऊन जावं. मी नाई म्हणनार नाई. खरं सांगतो, पायजे त टेम्पोत मी भरून देतो."

कुणी शेवट सांगितला नाही. कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली त्यांची गाडी उभी होती, तिच्याकडे जाताना निशिगंधाबाई मागे वळल्या आणि एवढंच बोलल्या, "उद्यापासून येऊ नकोस. आम्ही बघू दुसरी."

दुसऱ्या घराचा निरोप संध्याकाळी आला. परमुलखात साहेबांची घरं एकमेकांना फार धरून असतात.

शेषराव रात्री जेवला नाही. तो म्हणाला, एका पाटीवर नाव नसलं तर काय बिघडत होतं. रत्नमाला म्हणाली, नावाचं नाही. मग कशाचं, असं त्यानं विचारलं, तेव्हा तिला ते नीट सांगता आलं नाही. ज्यांना या पुस्तकांचं ओझं झालं होतं, त्यांना आता त्यांचं भूषण करायचं होतं. काचेआड ठेवायची, किल्ली सेक्रेटरीच्या खिशात, वर दात्यांची नावं, आणि ज्या बाईनं ती वाचली तिच्या हातात फडकं. तिला वाटलं, कागद जाळणारा परवडला. तो निदान धग घेतो.

उद्घाटन झालं म्हणे. पुण्याच्या पाहुण्यांनी रिकाम्या कपाटाची फीत कापली आणि अर्धा तास ग्रंथ हेच गुरू यावर बोलले. पाटीवरची नावं आधीच कोरून आली होती. ती तशीच लागली.

तिसरं घर उरलं होतं ते स्वप्नाचं. विमा कंपनीतली तरुण अधिकारी, एकटी राहायची, मंडळात जायला तिला सवड नसायची. रत्नमालाला ती ताई म्हणायची. एप्रिलच्या शेवटी तिचाही हुकूम आला, कोलकात्याचा. सामान गेलं, आणि रिकाम्या खोलीत एक लहान खोकं राहिलं.

"ताई, हे तुमच्यासाठी," ती म्हणाली. "मतलब, रद्दीत नका घालू हं. तुम्ही वाचता, मला माहितीये."

रत्नमालानं खोकं उघडलं. अकरा पुस्तकं, सगळी नवी. वरच तिच्या मांडणीतल्या एका कवितासंग्रहाच्या कवयित्रीचं आत्मचरित्र होतं, ज्याची रत्नमालानं दोन वर्षं वाट पाहिली होती. तिनं ते हातात घेतलं. पाठ ताठ होती. मध्ये धरलं तर चरचरलं. आता पुस्तकं देणारं दुसरं घर या शहरात तिला उरलं नव्हतं. हे तिला कळत होतं.

"हे वाचलं तुमी?"

स्वप्ना खोटं बोलली नाही. "सुरू केलं होतं. राहून गेलं."

रत्नमालानं पुस्तक परत खोक्यात ठेवलं, झाकण दुमडलं आणि खोकं तिच्याकडे सरकवलं.

"मंग मी नेत नाई. आधी वाचा. झालं का पोस्टानं धाडा, मी सोडवून घेईन."

"अहो ताई, सामान गेलं सगळं. आता हे कुठं ठेवू?"

"रेल्वेनं चाल्ल्या न? दीड दिवसाची गाडी हाये," रत्नमाला म्हणाली. "मांडीवर ठेवा."