बेंझिनचं गाव

बीएस्सीला ती माझ्या शेजारी बसायची. उमापूरकडची, आईबाप ऊसतोडीला जाणारे. प्रयोगशाळेतली रसायनं, म्हणजे रिएजंट, ती माणसांसारखे ओळखायची. "लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड लई तापट हाय, पाणी दिसलं की पेटतंय. बोरोहायड्राइड बिचारं सोशिक." असं पुटपुटत बोटानं बाकावर अभिक्रियांचे बाण काढत राहायची.

एकाच रेणूसाठी दोन आकृत्या काढायच्या, तो रेझोनन्स मात्र चुकला. फळ्यावरच्या बेंझिनच्या दोन आकृत्या बघून ती म्हणाली, "आमच्यासारखंच की, सर. सहा महिने गावात, सहा महिने उसाच्या फडावर."

"नाही, रेणू असा ये-जा करत नसतो," सर म्हणाले. वर्ग हसला. ती त्या आकृत्यांकडंच बघत बसली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तिलाच विचारलं, "या दोन्हींतलं खरं बेंझिन कोणतं?"

"एकबी न्हाई, सर. दोन्ही मिळून एकच हाय. आमची आई फडावर असली तरी जीवानं गावात असती, गावात आली तरी फडावर. तसं हे कायम दोन्हीकडं."

सरांनी हसून तिच्या नावापुढं पूर्ण गुण लिहिले. बाहेर आल्यावर वेणी मागं टाकत ती म्हणाली, "आता हसा म्हणावं वर्गाला."