ओडिलकाकाचा कान

आमच्याकडे नांगराला तोफेचा जुना गोळा लागला की तो विजेच्या खांबापाशी ठेवायचा आणि फोन करायचा. लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. शंभर वर्षांपूर्वीचं महायुद्ध कधीच संपलं, पण बटाट्यांबरोबर ते अजून वर येतं.

ओडिलकाका फोनच्या आधी कान लावायचा. गोळा कानाशी धरून हलवायचा, डोळे मिटायचा. आत ‘खळक’ वाजलं तर विषारी. नाही वाजलं तर “सुका!” हे तो पाद्रीबाबांनी प्रार्थना संपवावी तसं, शेवट लांबवून म्हणायचा. हलवू नका, असं लष्कराने कितीदा बजावलं होतं. “त्यांना यंत्रं लागतात. मला देवाने दिलंय,” असं म्हणून काका कानाची पाळी ओढायचा.

सुक्या गोळ्यांना गावात मान होता. एक काकाच्या गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून होता. दुसरा त्यानेच घासूनपुसून शेजारच्या झुल्माबाईंना दिलेला. तो त्यांच्या खिडकीत, फुलांच्या कुंड्यांमध्ये उभा असायचा.

यंदा खांबापाशी ठेवलेले गोळे न्यायला सार्जंट वानेस आला आणि गोठ्याशी थबकला.

“वासराच्या पायावर फोड कसले?”

“माशी चावली असेल,” गेरार्डाकाकू म्हणाली.

वानेसने दाराच्या गोळ्याकडे बोट दाखवलं. गंजातून तपकिरी ओल झिरपत होती. “मस्टर्ड वायू. नावाला वायू, असतो तेलासारखा. मागे व्हा सगळे. हा सुका आहे असं कोण म्हणालं?”

काका शांतपणे ढगांकडे बघत होता. काकू त्याच्या पाठीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ओडिल, तुझी विजार फाटलीय.”

काका हलला नाही.

काकू समोर येऊन ओरडली, “कधीपासून ऐकू येत नाही तुला?”

“ट्रॅक्टरमुळे गं. दोन-तीन हंगाम झाले.”

“मग सुका कसं म्हणायचास?”

“काही वाजायचंच नाही. म्हणजे सुकाच ना!”

वानेसला हसावं की रागवावं कळेना. “ही शस्त्रं बनवायची नाहीत, ठेवायची नाहीत, असं जवळपास सगळ्या देशांनी लिहून दिलंय,” तो म्हणाला. “जमिनीखालच्या गोळ्यांची सही घ्यायची तेवढी राहिली. असे आणखी किती वाटलेत?”

“एकच,” काकू म्हणाली. “झुल्माच्या खिडकीत.”

“तू सांग तिला, वानेस,” काका पुटपुटला. बटाट्यांतलं काकाला कुणी विचारत नसे. या कानासाठी मात्र लोक लांबून यायचे.

काकू त्याच्या कानात ओरडली, “तिने तो तुझ्या शब्दावर ठेवलाय. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकायची नाही, पुसतच बसेल.”

खरंच, काका-काकू पोचले तेव्हा झुल्माबाई फडकं घेऊन खिडकीत उभ्या होत्या.

“झुल्मा, हात लावू नकोस! मला ऐकू येत नाही!”

“काय?”

“मला! ऐकू! येत नाही!”

सगळ्या गल्लीने ते ऐकलं. झुल्माबाईंनी फडकं खाली टाकलं आणि त्या काहीतरी बोलल्या. काका वळून काकूला म्हणाला, “काय म्हणते?”

“विचारतेय, कॉफी चुलीवर आहे, ती घेऊन बाहेर येऊ का?”

“कॉफी राहू दे म्हणावं!”

झुल्माबाई सपातांवरच पळत आल्या. दोन्ही गोळे वानेसने नेले. वासराचे फोड भरले, डाग राहिले. आता गोळा निघाला की काका नांगर तिथेच थांबवतो, हात खिशात घालतो आणि काकूला बोलावतो. फोन तिलाच करावा लागतो. पलीकडचं त्याला ऐकू येत नाही.