देवरावचा निरोप शंकरच्या मनगटावर

देवरावच्या मनगटावरचं घड्याळ तिसऱ्यांदा थरथरलं आणि त्याने तिसऱ्यांदा बाही खाली ओढली. मे महिना, भर दुपार, समोर लोखंड वितळवणारी भट्टी. स्क्रीनवर माझंच वाक्य होतं: ‘शरीराचे तापमान वाढले आहे. कृपया विश्रांती घ्या.’

आमचं ऑफिस नागपुरात, सदर भागात. अशा घड्याळांवरचे आरोग्याचे मेसेज लिहिणं हे माझं काम. नागपूरजवळच्या एका कारखान्यात महिनाभराची ट्रायल चालू होती. घड्याळ नाडी आणि अंगाची उष्णता मोजतं. ठरलेला आकडा ओलांडला की अलर्ट, म्हणजे इशारा. अलर्ट बिनचूक येत होते. थांबत मात्र कोणी नव्हतं. आदल्याच आठवड्यात देवराव भोवळ येऊन पडला होता. पुढच्या वेळी भट्टीच्या बाजूला पडला तर? मी धसकाच घेतला होता.

मेसेज लाल केला, मोठा केला, वर ‘धोका’ लिहिलं. ढिम्म!

शेवटी त्यालाच विचारलं, “देवराव, काहून थांबत नाही तुम्ही?”

“मॅडम, सगळे काम करून राहिले अन् मी एकटाच बसू काय? लोकं म्हणतीन, म्हातारा झाला.”

तेवढ्यात त्याचा जोडीदार शंकर बाटली घेऊन आला. “घे गा, पाणी पी.”

देवराव मुकाट्याने सावलीत बसला आणि बाटली रिकामी केली. भट्टीवर जोडीनेच काम चालतं. जोडीदाराने पुढे केलेलं पाणी कुणी नाकारत नाही. स्वतःहून मात्र कुणी थांबत नाही. इतके दिवस मी हे बघत होते, पण डोक्यात शिरलं ते आत्ता.

सुपरवायझर बोरकरांना म्हटलं, “देवरावचा अलर्ट शंकरला पाठवू या.”

“अंग याचं तापणार अन् घड्याळ त्याचं वाजणार?”

“हो. आणि शंकरचा देवरावला. दोघांना विचारून.”

दोघं लगेच कबूल झाले. नवा मेसेज शंकरच्याच बोलीत लिहिला: ‘देवरावले सावलीत बसव. पाणी पाज.’

दुसऱ्या दिवशी शंकरचं घड्याळ थरथरलं. तो ओरडला, “चाल गा देवराव, तुयं इंजिन गरम झालं!” देवराव हसत उठला. तासाभराने देवरावचं घड्याळ वाजलं, तेव्हा त्याने शंकरला दंडाला धरूनच सावलीत नेलं. मला इतका आनंद झाला की मी चक्क टाळ्या वाजवल्या.

ट्रायल संपेपर्यंत कुणी पडलं नाही. बोरकरांनी सगळ्याच जोड्यांना ही पद्धत लावली. मी तीन दिवस घासून लिहिलेलं ‘कृपया विश्रांती घ्या’ काढून टाकलं.

शेवटच्या दिवशी देवरावने माझ्या मनगटाकडे बोट केलं. “मॅडम, तुमचं घड्याळ कोणाले सांगते?”

तपासणीसाठी मीही एक घालत होते. त्यावर सकाळपासूनचे चार अलर्ट तसेच पडून होते.

शंकरने बाटली पुढे केली. मी मुकाट्याने सावलीत जाऊन बसले.