खिडकी कुणी बुजवली

ऑक्टोबर सरत आला की सरोवराकाठच्या कोइवुनिएमी गावात धक्क्यावरच्या नावा एकेक करून काठावर ओढल्या जात, आणि त्यांच्या बॅटऱ्या हातगाड्यांवर बसून ऐलाच्या दाराशी येत. सरोवर गोठण्याआधी त्या आत आल्या नाहीत तर वसंतात त्यांची ठोकळ्याइतकीही किंमत राहत नाही, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ऐलाच्या घराखाली बटाट्यांसाठी खणलेलं दगडी तळघर होतं. बाहेर कितीही कडाका पडला तरी तिथे पाणी गोठत नसे. एका बाजूला बटाटे, दुसऱ्या बाजूला लाकडी फळ्यांवर ओळीने बॅटऱ्या, अशी त्या तळघराची वाटणी झालेली होती.

हा उद्योग मुळात तिच्या नवऱ्याचा, कालेर्वोचा. लाकडाचे तराफे ओढणाऱ्या बोटींवर तो विजेची कामं करायचा. तराफे बंद पडले, बोटी भंगारात गेल्या आणि तो घरी बसला. मग गावकऱ्यांच्या आणि उन्हाळ्यात येणाऱ्या शहरवाल्यांच्या बॅटऱ्या हिवाळाभर सांभाळायला लागला. ऐला त्याच्या हाताखाली शिकली. झाकणं उघडून पाण्याची पातळी बघायची, कमी असेल तर शुद्ध पाणी घालायचं. टोकांवर साचलेला पांढरा क्षार सोड्याच्या पाण्याने पुसायचा, वर व्हॅसलीनचा हात फिरवायचा. महिन्यातून एकदा प्रत्येकीला चार्जिंग द्यायचं, कारण भरलेली बॅटरी थंडी सोसते, रिकामी मात्र गोठून फुटते. आणि चार्जिंग चालू असताना छताजवळची छोटी खिडकी उघडी ठेवायची. बॅटरीतून निघणारा वायू कोंडला तर एक ठिणगी पुरते. हे कालेर्वो तिला इतक्यांदा सांगायचा की ती चिडायची. "मला बहिरी समजतोस का रे?" असं ती म्हणे, आणि तो पुन्हा तेच सांगे.

पुढे कालेर्वो विसरायला लागला. आधी माणसांची नावं गेली. मग तो कॉफीचं भांडं कॉफी न घालताच चुलीवर ठेवू लागला. ऐलाने गावात कुणाला कळू दिलं नाही. तळघराचं सगळं काम तिने हळूहळू आपल्याकडे घेतलं. तो फळीच्या कडेला स्टुलावर बसून सूचना देत राही. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा अजून कारभार हाकतोय.

जानेवारीत एकदा अशी थंडी पडली की झाडांच्या फांद्या तडकल्याचे आवाज घरात ऐकू यायचे. ऐलाने सकाळी चार्जिंग लावलं आणि ती शेजारच्या हेल्वीकडे अंडी आणायला गेली. परतल्यावर ती तळघरात उतरली. आत पाऊल टाकताच आंबट, घशाला झोंबणारा वास आला. तिने वर पाहिलं. खिडकीत कालेर्वोचा करडा स्वेटर कोंबलेला होता, एक बाही खाली लोंबत होती. बटाटे गारठू नयेत म्हणून त्याने ती बुजवली होती.

तिने पळत बाहेर यायला हवं होतं. पण हात आधी चार्जरकडे गेला, आणि भिंतीवरचं बटण बंद करण्याऐवजी तिने घाईत बॅटरीवरचा चिमटाच ओढला.

स्फोटाचा आवाज हेल्वीने तिच्या स्वयंपाकघरात ऐकला. ती धावत आली, ऐलाला फरफटत वर आणलं, बादलीतलं पाणी तिच्या तोंडावर ओतत राहिली. कालेर्वो दारात उभा राहून विचारत होता, "काय झालं? कुणी काय पाडलं?" डावा डोळा वाचला. उजव्यात आम्ल गेलं होतं, तो शहरातल्या डॉक्टरांनी काढून टाकला. गालापासून मानेपर्यंतची कातडी कायमची आक्रसली.

कालेर्वो दवाखान्यात भेटायला आला तेव्हा स्वच्छ दाढी करून, चांगला कोट घालून आला होता. तिचा हात हातात घेऊन तो रडला. मग म्हणाला, "ऐला, खिडकी कशी गं बंद केलीस तू? जन्मभर सांगत आलो तुला."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

स्वेटर हेल्वीनेही पाहिला होता. ती म्हणाली की आता गावाला खरं सांगून टाकू. ऐलाने तिला शपथ घातली. सांगितलं तर लोक त्याला वेडा म्हणतील, त्याला कुठल्यातरी आश्रमात ठेवायला सांगतील, आणि ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान उरलाय तीही जाईल, असं तिचं म्हणणं होतं.

"आणि तुझं काय?" हेल्वीने विचारलं.

"माझा डोळा गेला तो गेला."

वसंतात नौका मंडळाची सभा भरली. अध्यक्ष तापानी शहरातून निवृत्त होऊन इथे राहायला आलेला, बोलायला मऊ माणूस. त्याने आधी ऐलाच्या तब्येतीची चौकशी केली, मग खिडकीचं विचारलं. ऐला म्हणाली, "मीच बुजवली. बटाट्यांसाठी." शेजारी बसलेल्या कालेर्वोने मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की बायकांना सांगून काही उपयोग नसतो. काही जण हसले. मंडळाने ठरवलं की सुरक्षिततेचा विचार करता बॅटऱ्या यापुढे धक्क्याजवळच्या मंडळाच्या शेडमध्ये ठेवायच्या. तापानीने ऐलाचे आभार मानले, टाळ्या वाजल्या.

शेडमध्ये बॅटऱ्या ठेवल्या गेल्या, पण त्यांच्याकडे फिरकलं कुणीच नाही. पुढच्या वसंतात निम्म्या फुटून आम्ल जमिनीवर सांडलं होतं. हे ऐकल्यावर ऐला दोन दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून होती. कुणीतरी येईल, म्हणेल की तुझ्याशिवाय जमत नाही, असं तिला वाटत होतं. कुणी आलं नाही. लोकांनी शहरात जाऊन नव्या बॅटऱ्या आणल्या, त्यात त्यांना फारसं काही वाटलं नाही. इतक्या वर्षांत आपण नक्की काय वाचवत होतो, असा प्रश्न तिला तेव्हा पहिल्यांदा पडला.

घरात मात्र त्या खिडकीचा विषय रोज निघत होता. कालेर्वो दूर राहणाऱ्या मुलीचं नाव विसरला, आपलं घर कुठलं हे विसरला, पण ऐलाने खिडकी बुजवली हे विसरला नाही. पोस्टमन आला तरी त्याला सांगायचा. तिच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "बघ, ऐकलं नाही की असं होतं." ती त्याच्या ताटात बटाटे वाढत राही.

एका दुपारी तिचा बांध फुटला. ती राय या धान्याच्या पिठाचा पाव कापत होती आणि तो पुन्हा सुरू झाला. सुरी खाली ठेवून तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"कालेर्वो, खिडकी तू बुजवलीस. तुझ्या करड्या स्वेटरने. मी डोळ्याने बघितला तो."

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याने आपला हात तिच्या आक्रसलेल्या गालावर ठेवला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "मी? मी केलं हे तुझं?" तो विचारत राहिला. तिने त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. तिला हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली. कुणालातरी, अखेर त्यालाच, खरं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ओतून घेताना तो तिच्याकडे बघून म्हणाला, "खिडकी उघडी ठेवली असतीस तर दोन्ही डोळे राहिले असते तुझे."

त्यानंतर तिने त्याला पुन्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पुन्हा रडला असता आणि पुन्हा विसरला असता. रडणं तेवढं तिच्या लक्षात राहिलं असतं.

तो गेला तेव्हा सरोवरावरचा बर्फ नुकताच फुटत होता. दफनानंतरच्या कॉफीला सगळं गाव जमलं. तापानी उठून उभा राहिला आणि त्याने कालेर्वोबद्दल चार शब्द सांगितले. म्हणाला, की बॅटऱ्या या माणसाच्या हातात होत्या तोवर कोइवुनिएमीत एकही अपघात झाला नाही. माना डोलल्या. हेल्वीने कप बशीत आदळला आणि ती उठायला लागली. ऐलाने टेबलाखालून तिचं मनगट धरलं.

"आता कुणाला वाचवतेस?" हेल्वी दात आवळून पुटपुटली. "तो गेला ना."

खरं तर तिलाही उठावंसं वाटत होतं. पण समोर बसलेले चेहरे तिने पाहिले. त्यांनी हसून, टाळ्या वाजवून गोष्ट कधीचीच मिटवली होती, आणि आज ती बोलली असती तर मेलेल्या नवऱ्यावर खापर फोडणारी म्हातारी एवढंच त्यांनी घरी नेलं असतं. तिने मनगट सोडलं नाही. तापानी तिच्याजवळ आला, वाकून तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला की नशीबवान आहेस, असा नवरा मिळाला. तिने मान हलवली आणि त्याला विचारलं, आणखी कॉफी हवी का.