पांढरा मलम आणि शेवंताबाईची टाच

टाचेच्या भेगेत कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट रुतलेला आणि शेवंताबाई हसत होती. मला तेवढंच खटकलं.

दवाखान्यातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पेशंट निघून जातो, त्याचं बोलणं बाकावर राहतं. बी.एस्सी. नर्सिंग होऊन मी सौसरजवळच्या दवाखान्यात लागले, तेव्हापासून माझ्या वाट्याला आलेले बहुतेक किस्से पांढऱ्या मलमाचे, म्हणजे पेट्रोलियम जेलीचे. शेवंताबाईचा त्यातलाच.

*

पहिल्याच मे महिन्यात मलमाचा डबा उघडला, तर आत तेल! औषध नासलं म्हणून मी धावत सिस्टरकडे गेले. वानखेडे सिस्टरांनी डबा माठाखालच्या ओल्या रेतीत ठेवला.

"तू नाही का वितळत उन्हात? तुले फेकून देतो का आम्ही?"

*

लोधीखेड्याच्या एका आजोबांचे ओठ फुटले होते. मलम कोणत्या झाडाचा, असं त्यांनी विचारलं. मी हौसेने सांगितलं, की तिकडे अमेरिकेत तेलाच्या विहिरी खोदताना सळ्यांना काळं मेण चिकटायचं. मजूर वैतागायचे, पण कापलं-भाजलं की तेच चोपडायचे. मग एका केमिस्टने ते गाळून पांढरं केलं.

आजोबांनी सगळं ऐकलं, ओठांना मलम लावला आणि कानावरची बिडी खिशात घातली.

"आता नाई पेटवत. मिशा जातीन."

*

कापूस वेचणाऱ्या बायांची बोटं बोंडांच्या टोकांनी सोलून निघतात. आम्ही मलम दिला, तर सगळ्याजणी सकाळी लावूनच वावरात गेल्या. कापूस बोटांना असा चिकटला की सुटेना.

वावराचा मालक म्हणे, "ओटीत टाका म्हटलं बाई, तुम्ही हाताले नेसवून राहिल्या!"

तेव्हापासून सिस्टर प्रत्येकीला बजावतात, की मलम संध्याकाळी लावायचा, आणि तोही ओल्या कातडीवर. तो पाणी देत नाही, आतलं पाणी जाऊ देत नाही.

*

तर शेवंताबाई. ती बोरगावची. सिस्टर चिमट्याने खुंट ओढत होत्या आणि ही मुलीच्या सोयरिकीचं सांगत होती. पाहुणे येऊन गेले, पोरगी पसंत पडली. बाकीच्या बाया नुसत्या स्पर्शाने ओरडतात. सिस्टरांनी तिला डोळे मिटायला लावून तळव्यावर कापसाची वात फिरवली. तिला काहीच कळलं नाही.

सिस्टरांनी हळू आवाजात रोगाचं नाव सांगितलं, कुष्ठरोग. गोळ्यांनी बरा होतो. पण बधिर पायाला जखम कळत नाही आणि पाय हातचा जातो. रोज पाय भिजवायचे, वरून मलम.

"गावाले कळलं तं पोरीची सोयरीक मोडीन," एवढंच म्हणून ती उठली. मलमाची डबी बाकावरच राहिली.

गोळ्या न्यायला ती आली नाही. शेवटी डबी आणि गोळ्या पिशवीत घालून मीच बोरगावला गेले. दार बंद. शेजारच्या ओट्यावरून दोघी बघत होत्या. गोळ्यांचं नाव काढायची सोय नव्हती. दोनदा हाक मारली, कडी वाजवली. मग पिशवीतली डबी काढून वर धरली.

"शेवंताबाई, भेगांचा मलम विसरला होता तुमचा."

आत पाणी हललं.

"पाय पाण्यातच हायेत पोरी. आत ये, अन् दार लोटून घे."