नापासरावांचे कान

विमानदुरुस्तीच्या कारखान्यात त्यांचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. बाकी सगळे त्यांना नापासराव म्हणत. विमानातून काढलेली इलेक्ट्रॉनिक पेटी पुन्हा बसवण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायची, आणि जरा शंका आली की तिला लाल चिठ्ठी लागायची. या नावाचा त्यांना राग नव्हता. उलट कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर आपल्या कामात काही ढिलाई झाली की काय, असं त्यांना वाटायचं.

वैमानिकाला धोक्याचा इशारा देणाऱ्या पेट्या हा त्यांचा खास प्रांत. टेबलावर शांत बसलेल्या पेटीला खोटे सिग्नल द्यायचे, विमान कोसळतंय अशी तिची खात्री पटवायची, आणि ती केकाटली की समाधानाने पुढच्या पेटीकडे वळायचं. मीटर काही का दाखवेना, शेवटचा निकाल कानाचा. "वैमानिक काय मीटर लावून ऐकतो?" असं ते विचारत.

त्या वर्षी नव्या बनावटीच्या पेट्या आल्या. त्यांचा आवाज बारीक, किणकिणता. नापासरावांनी पहिलीला सिग्नल दिला. पेटी गप्प. दुसरीही गप्प. काटा नीट हलत होता, पण काट्यावर विश्वास कोण ठेवतो? सगळ्या पेट्या लाल चिठ्ठ्या लावून बनवणाऱ्या कंपनीकडे परत गेल्या. कंपनीने तपासून 'दोष आढळला नाही' म्हणून त्या पुन्हा धाडल्या.

"हल्ली कोणाला कामाची लाजच उरली नाही," म्हणत नापासरावांनी बाह्या सरसावल्या.

घरीही तीच तऱ्हा. बायको तोंडातल्या तोंडात बोलू लागली होती, मुलगी पुटपुटायची, टीव्हीवरच्या बातमीदारांनी तर ताळतंत्रच सोडलं होतं. सगळं जग एकदम कसं बिघडलं, याचं त्यांना नवल वाटायचं. शंका मात्र कधी आली नाही.

एका दुपारी शेजारच्या टेबलावरची तंत्रज्ञ बाई उठून आली.

"काका, ती पेटी बंद कराल का? सकाळपासून डोकं उठलंय."

"कुठली पेटी?"

"ही काय, तुमच्या समोरची. नुसती किणकिण चाललीये."

"ही? ही तर मुकी आहे."

ती हसली. मग त्यांचा चेहरा बघून हसायची थांबली.

नापासरावांनी आवाज काढणारं यंत्र जोडलं आणि तिला शेजारी उभं केलं. "ऐकू येतंय तोवर हात वर ठेव." जाड आवाजापासून ते बटण फिरवत बारीक आवाजाकडे गेले. आधी दोघांचे हात वर होते. मग त्यांचा खाली आला. तिचा वरच राहिला. शेवटी बिचारीने तो मुद्दाम खाली घेतला.

"खोटं नको," ते म्हणाले.

तिने हात पुन्हा वर केला.

पेट्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः काढल्या आणि साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. साहेबांनी सगळं ऐकलं. "नशीब, चांगल्यांना नापास केलंत, वाईटांना पास नाही. उद्यापासून स्क्रीन तपासायच्या टेबलावर बसा. डोळे ठीक आहेत ना?"

"साहेब, कालपर्यंत कानही ठीक होते."

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. नापासरावांनी ते आधी कामावर नेऊन कसून तपासलं. त्यात खोट निघाली नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

घरी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत नेहमीसारखी बोलत होती. "आज पुन्हा गुडघा धरला. यांना सांगून काय उपयोग! भिंतीला सांगितलेलं बरं."

"कुठला गुडघा?"

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "तुम्हाला ऐकू येतंय? कधीपासून?"

"आजपासून."

आपण या माणसासमोर इतकी वर्षं काय काय बोललो, याची तिने मनातल्या मनात भराभर उजळणी केली. त्यातलं काहीच पोहोचलं नव्हतं, म्हणून हायसं वाटावं की रडू यावं, तिला कळेना.

"डावा," ती म्हणाली. "आणि दोन वर्षं झाली त्याला."

नापासराव तिच्या शेजारी येऊन बसले आणि उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागले. ते पाणी प्यायला उठले, तेव्हा तिने त्या सगळ्या उलगडून पुन्हा घातल्या.