दोन फूरिये

कुंभकोणमच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं गणित शिकवतो आहे. ही गोष्ट त्यातल्या एका वर्षाची. यंदापर्यंत घरीसुद्धा सांगितली नव्हती.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला स्वामीमलैची एक मुलगी होती. वडील पंचधातूच्या मूर्ती ओतणारे. तिने प्रकल्पाला विषयही घरचाच घेतला: मातीच्या साच्यात ओतलेला धातू निवायला किती वेळ लागतो. पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं, की घन पदार्थातून उष्णता कशी वाहते याचा फूरिये नियम आणि आपण शिकतो ती फूरिये श्रेणी एकाच माणसाची. उष्णतेचं कोडं सोडवतानाच त्याला ती श्रेणी सापडली.

मी श्रेणी शिकवत आलो होतो, पण ती आली कुठून हे कधी वाचलं नव्हतं. नियम फिजिक्सवाल्यांचा, श्रेणी आमची. मी भर वर्गात त्या पानावर लाल काट मारली.

"अगं, तो फूरिये वेगळा, हा वेगळा."

"सार, लायब्ररीतल्या पुस्तकात..."

"माझ्या हजेरीत पाच राव आहेत. पाचही एकच का?"

वर्ग खो खो हसला. आम्ही तंजावरचे मराठी. आमच्यात जो तो राव. खरी ओळख पुढच्या इनिशियलमध्ये, राव नुसता शेपटासारखा मागे. तिकडे फ्रान्सातही तसंच असणार, असं मी धरून चाललो. तिने मान खाली घातली आणि ते पान काढून टाकलं.

त्याच संध्याकाळी मी लायब्ररीत गेलो. पुस्तक होतं. नियम, श्रेणी, रूपांतर, उष्णतेच्या गणितातला तो फूरिये अंकसुद्धा, सगळं एकाच माणसाच्या नावाचं. तोंडी परीक्षेला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी वर्गात "माझं चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. तो विनोद फार छान जमला होता ना!

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. "निवण्याच्या हिशोबात ही श्रेणी कशाला? तिचा उष्णतेशी काय संबंध?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदांकडे.

"माहीत नाही, सार."

"अहो बाई, नावसुद्धा एकच आहे की!" परीक्षक हसले. मीही हसलो. सव्वीस वर्षांत मी केलेलं सर्वांत वाईट काम ते हसू.

प्रकल्पाचे गुण घसरले आणि ज्या विद्यापीठात तिला एम.एस्सी.ला जायचं होतं तिथला प्रवेश थोडक्यात हुकला. पुन्हा प्रयत्न करायला घरच्यांनी वर्षभर थांबू दिलं नाही. लग्न होऊन ती मेलकावेरीला आली. आता घरीच शिकवण्या घेते. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. तिथे जायला मला अकरा वर्षं लागली.

यंदा गेलो. तिने कॉफी पुढे ठेवली. मी कपाकडे बघतच सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं, सार. पुस्तक वाचूनच लिहिलं होतं."

"मग परीक्षकांना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शेजारीच बसला होतात. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

माफ केलं म्हणाली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? वर्गात सांगा."

मागच्या आठवड्यात श्रेणीचा धडा आला, तेव्हा सांगितलं. लाल काट, पाच राव, सगळं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सार, मग त्या अक्कांचं पुढे काय झालं?"

"शिकवण्या घेतात. छान शिकवतात," म्हणालो आणि फळ्याकडे वळलो.

प्रवेश हुकल्याचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच गिळलं. तो माझ्यामुळे हुकला. वर्गात जे जमलं नाही ते इथे लिहितो आहे, आणि उद्या पुन्हा त्याच वर्गावर तास आहे.